ताई, हा मेसेज तुम्ही लिहिलात का?

(आपल्या केंद्राच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सदस्य महिला आणि कर्मचारी यांच्यासमोर झालेलं भाषण. बोलण्यातले शब्द मुद्दाम तसेच ठेवले आहेत. – संपादक मंडळ)



मला विषय दिलाय 'एआय आणि आपलं काम'. एवढा विषय वीस मिनिटांत सांगायचा म्हणजे अख्खा फणस एका ताटात वाढायचा. म्हणून मी त्यातला एकच गरा काढते. आपल्या हाताखाली जी माणसं काम करतात त्यांना पाठवायचे मेसेज आता मोबाईलकडून लिहून घ्यायची सवय लागली आहे. मोठ्या कंपनीतल्या साहेबांना लागली, ऑफिसातल्या मॅडमना लागली, आणि आपल्यातल्याही काहीजणींना लागली. त्याबद्दल बोलते.

मागून कोणीतरी म्हणालं, आमच्या हाताखाली कोण गो, आम्हीच दुसऱ्याच्या हाताखाली. हसू नका, बरोबर बोलली ती. पण पुरतं बरोबर नाही. आपण गट सुरू केले तेव्हा आपण फक्त बचत करणाऱ्या बायका होतो. वही, पेटी आणि महिन्याची बैठक. आज आपल्या केंद्रात पगारावर माणसं आहेत. सहयोगिनींना मानधन द्यायचं की थांबवायचं ते आपली कार्यकारिणी ठरवते. कोणाच्या गटाचं आमसुलाचं युनिट आहे, कोणाचं आंबापोळीचं, कोणाचं काजूचं, आणि तिथे गावातल्याच बायका हजेरीवर येतात. म्हणजे आपण मालकीण झालो आहोत, फक्त अजून तसं म्हणवत नाही. दुसऱ्या बाजूला आपल्याच घरातली कोणी मासळीच्या कंपनीत जाते, कोणाची मुलगी पुण्याला कंपनीत आहे, कोणाचा मुलगा मुंबईत सिक्युरिटीला. म्हणजे मेसेज पाठवणाऱ्या आपणच आणि मेसेज येणाऱ्याही आपणच.

आता एक गोष्ट सांगते. गाव सांगत नाही, युनिटचं नाव सांगत नाही. आपल्या केंद्रातलं नाही, एवढंच सांगते, म्हणजे तुम्ही एकमेकींकडे बघत बसणार नाही.

रातांब्याचा हंगाम होता. आठ बायका रोज रातांबे फोडायला, आमसुलं वाळवायला येत होत्या. पाऊस लागला की हे काम संपतं, हे त्यांनाही ठाऊक. पण त्या वर्षी युनिटने ठरवलं होतं की पावसाळ्यातही सरबताच्या बाटल्या भरायचं काम चालू ठेवायचं आणि त्याला आठजणींतल्या तिघीच ठेवायच्या. उरलेल्या पाचजणींना नाही म्हणायचं होतं. जी बाई युनिट बघते ती त्याच गावची. पाचातली एक तिची नात्याने जाऊ लागते. रोज पाणवठ्यावर, दुकानात, देवळात तोंड बघायचं. कसं सांगणार? तिने मोबाईलमध्ये एआयला सांगितलं, 'कामगार महिलांना काम बंद झाल्याचा मेसेज लिही, त्यांना वाईट वाटू नये असा.'

तो मेसेज मला त्या पाचातल्या एकीने नंतर दाखवला. त्यात असं होतं की, आपल्या अमूल्य योगदानाबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. बदलत्या परिस्थितीनुसार आम्ही कार्यपद्धतीची पुनर्रचना करीत आहोत. या प्रवासात आपण दिलेली साथ आमच्यासाठी प्रेरणादायी आहे. आपणांस उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. खाली दोन फुलं आणि हात जोडलेले.

पाचजणींपैकी दोघी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर हजर! त्यांना वाटलं, आपलं कौतुक केलंय. एकीने तर तो मेसेज रात्री मुलाकडून मोठ्याने वाचून घेतला होता, सासूला ऐकू जावा म्हणून. युनिटच्या दारात पोचल्यावर त्यांना कळलं की आपलं काम गेलंय. आत तिघीजणी कामाला बसलेल्या, त्यांच्यासमोर कळलं.

त्या मेसेजमध्ये एकही वाईट शब्द नव्हता. व्याकरणाची चूक नव्हती. नव्हतं ते एवढंच, की उद्यापासून काम नाही. राहिलेली हजेरी कोणत्या तारखेला मिळेल ते नव्हतं. पुढच्या वर्षी रातांब्याला बोलावणार की नाही ते नव्हतं. तिघींनाच का ठेवलं ते नव्हतं. आणि पाठवणारीचं नाव नव्हतं, तिथे 'व्यवस्थापन' असं लिहिलेलं. त्या युनिटमध्ये व्यवस्थापन म्हणजे एक टेबल आणि ती एक बाई!

मला त्या बाईचा राग नाही येत. अवघडच काम होतं ते. पण तिने मशीनला काय सांगितलं ते आठवा. वाईट वाटू नये असा लिही. मशीनने शब्दशः ऐकलं. वाईट वाटेल अशी जी एकच गोष्ट होती, तीच काढून टाकली.

हे असं का होतं ते थोडक्यात सांगते. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं ते नोव्हेंबर २०२२ मध्ये. जून २०२४ मध्ये आपल्या व्हॉट्सॲपमध्येच मेटा एआय आलं, तो निळा गोल. त्यामुळे वेगळं काही घ्यावं लागत नाही, बोट लागलं की सुरू. या मशीनने जगातला ढीगभर मजकूर वाचलेला असतो, आणि एका शब्दानंतर बहुतेक कोणता शब्द येतो, तो ते पुढे ठेवत जातं. त्याला तुमचं युनिट माहीत नाही, तुमची माणसं माहीत नाहीत. जे तुम्ही सांगत नाही ते ते आपल्या मनाने भरतं. त्यातून त्याने वाचलेला मजकूर इंग्रजीतला फार आणि मराठीतला कमी, म्हणून त्याची मराठी ऐकली की मराठी सिनेमात साहेब बोलतो तशी वाटते. 'या प्रवासात', 'आम्ही समजू शकतो की'. आपल्याकडे प्रवास म्हणजे एसटीचा. कामाला कोणी प्रवास म्हणत नाही.

आणि ते गोडच भरतं असं नाही. समजा आपल्या एखाद्या सहयोगिनीने सांगितलं, 'हप्ता थकला आहे, जरा कडक मेसेज लिही.' मशीन लिहून देईल, 'सात दिवसांत रक्कम न भरल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' सात दिवस कोणी ठरवले? कारवाई कोण करणार? ग्रामसंघाच्या बैठकीत असा ठराव झालाय का? नाही. पण तो मेसेज ज्या घरात जाईल त्या घरात रात्रभर कोणी झोपणार नाही. बाईने मंगळसूत्र गहाण ठेवायला काढलं, तर त्याला जबाबदार कोण? ती सहयोगिनी म्हणेल मी कुठे लिहिलं, मोबाईलने लिहिलं. मोबाईल काही बैठकीला येऊन उभा राहणार नाही.

आता म्हाताऱ्या बायका म्हणतील, दुसऱ्याकडून लिहून घेणं काय पाप आहे? आमच्या वेळी सगळी पत्रं दुसऱ्यानेच लिहिली. खरं आहे. आणि ही गोष्ट आपल्या रत्नागिरीइतकी कोणाला ठाऊक असणार! आपले आजे, बाप मुंबईला गिरणीत. घर चालायचं मनिऑर्डरवर. ही मनिऑर्डर टपाल खात्याने १८८० साली सुरू केली आणि कोकणातल्या कित्येक चुली तिच्यावर पेटल्या. त्या फॉर्मच्या तळाशी निरोप लिहायला जरा जागा असायची, चार ओळी मावतील एवढी. ज्याला लिहिता येत नसे तो खोलीतल्या शिकलेल्या माणसाला सांगायचा, नाहीतर मुंबईच्या मोठ्या पोस्टासमोर कबुतरखान्यापाशी पत्रं लिहून देणारे बसत त्यांच्याकडे जायचा. इकडे गावात आईला वाचता येत नसे, मग पोस्टमन वाचून दाखवायचा, नाहीतर शाळेतला एखादा पोर.

म्हणजे लिहिणारा वेगळा, वाचणारा वेगळा. तरी पत्र त्या माणसाचंच असायचं. कोणालाही शंका येत नसे. का बरं?

कारण पत्र लिहिणारा आधी विचारायचा, बोल, काय लिहू? आणि माणसाला सांगावं लागायचं. गणपतीला येतो. पावसाआधी घर शाकारून घ्या. धाकट्याचं नाव शाळेत घाला. बाळंतिणीला जपा. लिहिणाऱ्याला त्या घरातलं काही माहीत नाही, मग तो स्वतःच्या पदरचं काय घालणार? वरती साष्टांग नमस्कार आणि खाली मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, एवढं त्याचं. ते तयार असतं हे सगळ्यांनाच माहीत, त्याला कोणी फसत नसे. मधलं जे होतं ते सांगणाऱ्याचं. आता उलटं झालंय. आपण सांगतो दोन शब्द आणि मशीन लिहितं वीस ओळी. वरचा नमस्कार, खालचा आशीर्वाद त्याचा आणि मधलंही त्याचंच.

हे फक्त आपल्याकडे घडतंय असं समजू नका. शिकल्या-सवरल्या लोकांतही हेच झालंय. अमेरिकेत १३ फेब्रुवारी २०२३ ला मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत गोळीबार झाला, तीन विद्यार्थी मेले. दुसऱ्या एका मोठ्या विद्यापीठाने, व्हँडरबिल्ट त्याचं नाव, तिथल्या पीबॉडी कॉलेजच्या एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारं पत्र पाठवलं. एकमेकांची काळजी घ्या, असा मजकूर. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की हा मजकूर चॅटजीपीटीच्या आधाराने तयार केला आहे. मुलं भडकली. एकमेकांना जपा हे सांगायला तुम्हाला पाच मिनिटं नव्हती का, असं त्यांचं म्हणणं. कार्यालयाला माफी मागावी लागली. एक सांगते हं, त्यांनी निदान खाली लिहिलं तरी. न लिहिता पाठवणारे कितीतरी असतील.

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी, अँथनी कोमन आणि पीटर कार्डन यांनी, नोकरी करणाऱ्या ११०० जणांना विचारून अभ्यास केला. साहेबाने एआयची थोडी मदत घेतली, शुद्धलेखन बघितलं, वाक्य नीट केलं, तर ८३ टक्के लोकांना साहेब मनापासून बोलतोय असं वाटलं. तेच सगळा मेसेज मशीनकडून लिहून घेतलेला असला तर तसं वाटणारे ४० ते ५२ टक्क्यांवर आले. म्हणजे जवळजवळ निम्म्या लोकांचा विश्वास उडाला. त्यात एक गंमत आहे. आपण स्वतः एआय वापरलं तर लोकांना ती मदत वाटते, साहेबाने वापरलं की खुपतं. सासू-सुनेसारखं आहे हे!

पण मला विचाराल तर हा अन्याय नाही. साहेबाच्या हातात माझी हजेरी आहे. त्याच्या एका ओळीवर माझ्या घरी काय शिजणार ते ठरतं. म्हणून त्याने ती ओळ स्वतः विचार करून लिहावी, असं मला वाटलं तर काय चुकलं? आणि आता आपण त्या खुर्चीत आहोत.

आता दुसरी बाजू सांगते, नाहीतर घरी जाऊन मोबाईलच बंद कराल. मी एआयच्या विरोधात नाही. आपल्यात कितीतरी जणी सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या. बँकेच्या मॅनेजरला अर्ज, गटविकास अधिकाऱ्यांना पत्र, ग्रामपंचायतीला गाळ्यासाठी मागणी, हे लिहायचं म्हणजे पूर्वी गावातल्या कोणा भाऊंचे पाय धरा. भाऊ सांगतील तेव्हा जा, भाऊ लिहितील ते खरं. आज ती बाई मोबाईलला बोलून सांगते आणि तिच्यासमोर अर्ज तयार. हे मोठं काम झालंय. ऑफिसला ऑफिसच्या भाषेत पत्र जाऊ दे की. बैठकीची सूचना, मालाची यादी, रजेचं वेळापत्रक, यातही काही बिघडत नाही. फक्त आकडे आणि तारखा दोनदा बघा.

आणि मेसेज लिहूनच घ्यायचा असेल तर तो पत्रलेखक जसा विचारायचा तसं मशीनला बसवा. आधी तुम्ही बोला. आपल्या भाषेत, जसं तोंडाने सांगाल तसं. उदाहरणार्थ, त्या पाचजणींना असं सांगता आलं असतं: 'रातांब्याचं काम शनिवारी संपतंय. पावसाळ्यात बाटल्या भरायला तिघींचंच काम आहे. बाटलीचं मशीन ज्यांना येतं त्या तिघींना ठेवलंय. तुम्हा पाचजणींना सोमवारपासून यायचं नाही. राहिलेली हजेरी १० तारखेला हातात देईन. पुढच्या हंगामात आधी तुम्हालाच विचारीन. काही विचारायचं असेल तर मला फोन करा.' आणि खाली स्वतःचं नाव. मग मशीनला सांगायचं, 'मी सांगितलं तेवढंच लिही. नवीन काही घालू नकोस. माझे शब्द बदलू नकोस, फक्त शुद्धलेखन बघ.' ते ऐकतं. बहुतेक वेळा ऐकतं! म्हणून पाठवायच्या आधी मोठ्याने वाचा. जे वाक्य तुम्ही त्या बाईच्या अंगणात उभं राहून बोलला नसता, ते खोडा.

हा मेसेज गोड नाही. पण तो आला असता तर त्या दोघी डबा घेऊन गेल्या नसत्या.

तरी मी म्हणेन, अशी गोष्ट आधी तोंडानेच सांगावी आणि मेसेज नंतर जावा, नोंद म्हणून. कामावरून कमी करणं, चूक दाखवणं, मजुरी कापणं, कोणाच्या घरी माणूस जाणं. दर्यावर कोणाचं काही बरंवाईट झालं तर तिथे मशीनचं 'सखोल सहवेदना' नको. एकदा एका ग्रुपवर असा मेसेज आलेला मी पाहिलाय, त्यात 'येथे सदस्याचे नाव लिहा' हे तसंच राहिलेलं. जिचा नवरा गेला तिनेही तो वाचला असणार. जाता येत नसेल तर आवाजातला मेसेज पाठवा. अडखळलात तरी चालेल, रडू आलं तरी चालेल. आणि आपल्या कितीजणींना वाचता येत नाही, त्यांना तर तोच कळतो.

आणखी एक, आणि हे सहयोगिनींसाठी जास्त. मेटा एआयला जे लिहाल ते त्या कंपनीकडे जातं. मैत्रिणीला पाठवलेल्या खासगी मेसेजसारखं ते बंद पाकीट नाही. म्हणून थकबाकीदारांची यादी, आधार नंबर, बँकेचं खातं, कोणाचं आजारपण, कोणाच्या घरातली मारहाण, हे त्याच्यात टाकायचं नाही. २०२३ मध्ये माणसाच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात झालाय. पण कायदा राहू दे बाजूला. ती बाई विश्वासाने तुमच्यापाशी बोलली, तिला विचारलंत का, हे मोबाईलला सांगू का म्हणून?

आता ज्यांना मेसेज येतो त्यांच्यासाठी. छान छान शब्दांचा मेसेज आला, मग तो कंपनीतून येवो नाहीतर आपल्या केंद्रातून, तर त्यात शोधा: माझं काय बदललं? कोणत्या तारखेपासून? पैसे किती आणि कधी? हे ठरवलं कोणी? यातलं जे सापडणार नाही ते फोन करून विचारा. 'ताई, हा मेसेज तुम्ही लिहिलात का? मला कळला नाही, जरा सांगा.' हे विचारायला लाजू नका. पुण्यातल्या मुलीलाही हेच सांगा. तिला म्हणावं, उत्तर लेखी माग आणि मेसेज पुसू नकोस, जपून ठेव. उद्या पगाराचं काही झालं तर तोच कागद.

शेवटी कार्यकारिणीपुढे मी एक मागणी ठेवते, सकाळी अध्यक्षताईंकडे लिहूनही दिली आहे. माझ्या अक्षरात आहे, बघून घ्या. आपल्या केंद्रातून किंवा कोणत्याही युनिटमधून मानधन, हजेरी, कामाची वेळ, कामावरून कमी करणं किंवा थकबाकी यावर मेसेज गेला, तर त्याखाली पाठवणारीचं नाव आणि फोन नंबर असावा. 'व्यवस्थापन' किंवा 'केंद्र' असं चालणार नाही. एआयकडून लिहून घेतला तरी नाव तिचंच आणि उत्तर देणारीही तीच. आणि बैठकीत न ठरलेली एकही तारीख, एकही दंड, एकही कारवाई त्यात असू नये. दुसरं, येत्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक ग्रामसंघाने आपल्या ग्रुपवरचे मागचे पाच मेसेज मोठ्याने वाचावेत, आणि जी बाई सगळ्यात कमी शिकलेली आहे तिला विचारावं, काय कळलं सांग. तिला जे कळलं नाही ते तिथेच नव्याने लिहावं.

माझं झालं. आता कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, माईक मागे पाठवते. राजापूरच्या बायकांची गाडी तीनची आहे, त्यांनी आधी विचारा.